पाटीवरचा जास्तीचा एच

ही वही कुणाच्या हाती लागलीच, तर आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन चांगलं नाही. ण आणि न यांत माझी गल्लत होते, ऱ्हस्व-दीर्घ मी हाताला येईल तसं देते. अक्षरही वाकडं आहे. मुसळ धरून धरून बोटं जाड झाली आहेत, पेन त्यांत नीट बसत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही अक्कलकोटाकडच्या आमच्या गावात. तिथं घरात कानडी बोलायचं आणि शाळेत मराठी लिहायचं, त्यामुळं दोन्ही अर्धं अर्धं राहिलं. चारचौघांत बोलायला मला अजून घाम फुटतो. वहीपुढं तो फुटत नाही, म्हणून लिहिते. आणि लिहायचंय तेही एका चुकलेल्या स्पेलिंगबद्दलच, तेव्हा माझ्या चुका त्यात खपून जातील.

आमचं दुकान शेंगाचटणीचं आणि कडक भाकरीचं. सोलापुरात अशी दुकानं गल्लोगल्ली आहेत. आमचं म्हणजे घराची पुढची खोली. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, आधी गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा हातात जे थोडे पैसे आले त्यातून त्यांनी एक दगडी उखळ घेतलं आणि शेंगदाण्याचं एक पोतं. मला म्हणाले, "तुझ्या हातची चटणी गिरणीत डब्यातनं सगळे मागून खायचे. आता इकत खाऊ दे."

मी कुटायची आणि ते उखळात हात घालायचे. मुसळ वर गेलं की ते कडेची चटणी मधे ओढत, मुसळ खाली यायच्या आत हात बाहेर. मी मनात कानडीत मोजायची, ओंदु, एरडु, मूरु. ते मराठीत गप्पा मारायचे. तोंड चालू, हात चालू. एकदाही मुसळ त्यांच्या बोटावर पडलं नाही. मी म्हणायची, "गप्प बसा की जरा, भ्या वाटतंय." ते म्हणायचे, "तू मोजतीस की बरोबर, मग मी कशाला भिऊ?"

दुकान चालायला लागल्यावर त्यांना पाटी हवी झाली. मराठीत आणि इंग्रजीतही, कारण पुण्याला शिकायला, नोकरीला जाणारी पोरं चटणी घेऊन जात. शहराच्या पूर्व भागातला एक पेंटर आला. तो विणकरांतला, घरी तेलुगू बोलणारा. टॉवेलच्या कारखान्यांच्या पाट्या रंगवायचा. शिडीवर चढून त्यानं दिवसभर काम केलं. वर मराठी, खाली इंग्रजी, लाल अक्षरांना पिवळी कड. आम्ही दोघं रस्त्याच्या पलीकडं उभं राहून बघत होतो. मला त्या दिवशी लग्नातल्यापेक्षा जास्त आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात शिकवणारे एक गिऱ्हाईक आले. पाटी बघून हसले. म्हणाले, "अहो, हा एच कशाला मधे? आणि शेवटचं अक्षर कुठं गेलं?"

मालकांनी पेंटरला बोलावून आणलं. तो काही घाबरला नाही.

"शेठ, आमच्यात त असाच लिहितात. टी आणि एच. नुसता टी लिहिला तर ट होतोय. तुमच्या दुकानाचं नाव ट लावून वाचलं तर बरं वाटंल काय तुमाला?"

मालक डोकं खाजवायला लागले. "बरं, त्ये ऱ्हाऊ दे. पण शेवटचं अक्षर?"

"पत्रा संपला की."

खरंच संपला होता. पत्र्याच्या पुढं भिंतीवर विजेचं मीटर होतं.

"मीटर सरकवून घ्या तुमी," पेंटर म्हणाला, "अक्षर फुकट घालून देतो."

मालक इतके हसले की त्यांना खोकला लागला. मीटर सरकवायला कोण येणार होतं? त्यांनी पेंटरला आत बसवून भाकरी, चटणी आणि दही दिलं, आणि पाटी तशीच राहिली. पुढं पाकिटं छापायची वेळ आली तेव्हा छापखानावाल्यानं स्पेलिंग विचारलं. मालक म्हणाले, "पाटीवर हाय तसं." पिशव्यांवर तेच, बिलावर तेच. मला जी काही इंग्रजी अक्षरं येतात ती त्या पाटीवरचीच. गिऱ्हाईक नसताना समोरच्या ओट्यावर शेंगा निवडत बसायची आणि बघत राहायची. एच मला एका पायरीच्या शिडीसारखा दिसायचा. वाटायचं, पेंटर खाली उतरताना आपली शिडी वरच विसरून गेला.

पुढं मोबाईल आले. शेजारच्या गल्लीत एकाचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. त्यानं मालकांना वेबसाईट काढून दिली. तिचं नावही पाटीवर हाय तसंच, एचसकट आणि शेवटच्या अक्षराविना. दर दिवाळीला मालक त्याला पैसे आणि एक किलो चटणी नेऊन द्यायचे. घरी येऊन म्हणायचे, "आपलं दुकान आता शटर वढल्यावर पण उघडं असतंय बघ." बंगळूरहून, पुण्याहून मागण्या यायच्या. सोलापूर सोडून गेलेली माणसं जास्त करून. एका बाईंनी लिहिलं होतं, पाकीट फोडल्यावर लसणाच्या वासानं आई आठवली. मालकांनी ते मला तीनदा वाचून दाखवलं.

मालक गेले. त्या वर्षीची दिवाळी आम्ही केलीच नाही. कॉम्प्युटरवाला त्याआधीच दुकान बंद करून हैदराबादकडं गेला होता. वेबसाईटच्या नावाचे पैसे भरायचे असतात, हे घरात कुणाच्या लक्षातच नव्हतं. मुलगा एसटीत कंडक्टर. तो आज बार्शीला, उद्या सांगोल्याला. दुकान मी आणि सूनबाई बघतो. सूनबाई बार्शीची, बी. कॉम. झालेली. तिचे वडील तिथल्या बाजारात धान्य आणि शेंगदाणा घेतात, मालक त्यांच्याकडूनच शेंगदाणा आणायचे. पोती मोजता मोजता लग्न ठरलं होतं.

एक दिवस पुण्याहून जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "काकू, तुमची वेबसाईट उघडत नाही." सूनबाईनं मोबाईलवर बघितलं. बराच वेळ बघत राहिली.

"आत्या, नाव गेलं."

"कुटं गेलं?"

"ही नावं आपल्या मालकीची नसतात, भाड्यानं असतात. भाडं थकलं की दुसरा कुणीही उचलतो. कुणीतरी उचललंय आणि आता लिलावाला लावलंय."

नावाचा लिलाव होतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. लिलाव मात्र ठाऊक होता. लग्न होऊन आले त्या पहिल्या वर्षी मालक मला पेठेतल्या मठाच्या उत्सवाला घेऊन गेले होते. महाप्रसाद झाल्यावर तिथं देवापुढच्या नारळाचा लिलाव होतो. आमच्याकडं त्याला सवाल म्हणतात. एकानं सवाल करायचा, दुसऱ्यानं चढवायचा, आणि जमलेल्या पैशातून पुढच्या वर्षीचं अन्नदान. मालकांनी सवाल केला की मागच्या खांबाशी बसलेला एक जाडसर माणूस लगेच चढवायचा. मला फार राग आला. मी पदराआडून म्हणाले, "त्याला दिवून टाका. त्याला लई हवाय नारळ."

मालक कानाशी वाकून म्हणाले, "त्याला नारळ नगंच हाय. सवाल चढवायला बसवलाय त्याला पंचांनी. नीट बघ. नारळाकडं बघतोय का त्यो?"

मी बघितलं. तो नारळाकडं एकदाही बघत नव्हता. जो बोलेल त्याच्या तोंडाकडं बघत होता. अजून किती ताणेल, एवढंच. मालकांनी शेवटी तो नारळ चढ्या भावानंच घेतला. घरी येताना तो माझ्या ओटीत टाकून म्हणाले, "देवाच्या घरी फसायला काय जातंय?" त्या नारळाचं खोबरं मी कितीतरी दिवस पुरवून खाल्लं.

तर सूनबाई म्हणाली, नाव परत घेतलंच पाहिजे. आमच्याकडं नवीन छापलेल्या पाकिटांचे गठ्ठे पडून होते आणि प्रत्येकावर तो पत्ता होता. "दुसऱ्या कुणी घेतलं आणि आपल्या नावानं लोकांकडून पैसे गोळा केले, तर शिव्या आपल्याला बसतील आत्या. मामंजींच्या नावाला बसतील." ते मला पटलं. खरं सांगायचं तर पत्ता, वेबसाईट हे मला फारसं कळत नव्हतं. पण पाटी संपली तिथं संपलेलं ते नाव परक्याच्या हातात गेलं, एवढं कळत होतं.

पैसे नव्हते. मी बचत गटात सुरुवातीपासून आहे. गल्लीतल्या विड्या वळणाऱ्या, टॉवेलांना काठ मारणाऱ्या बायका महिन्याला थोडे थोडे टाकतात. मी दर मीटिंगला दाराशी बसायची, पैसे द्यायची आणि उठायची. कधी कर्ज घेतलं नव्हतं. त्या दिवशी मी तोंड उघडलं तर आमच्या अध्यक्षीणबाई, ज्यांचा आवाज चौकापर्यंत जातो, ओरडल्या, "थांबा गं! चटणीकाकू बोलायल्यात! पंखा बंद करा आधी, ऐकू येऊ द्या!"

कुणीतरी खरंच पंखा बंद केला. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी जमिनीकडं बघत सांगितलं, दुकानाच्या नावासाठी पैसे हवेत, फेडीन.

"कशाला हवेत ते नंतर सांगा. तुमी मागितलेत हेच लई हाय," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. कुणी खोलात विचारलं नाही. दोघींनी तर आपल्या पोरींच्या शाळेसाठी सांगून ठेवलेला कर्जाचा नंबर मागं घेतला आणि माझा पुढं केला. त्यांचे पैसे माझ्या शब्दावर दिले गेले, हे त्या वेळेपासून माझ्या डोक्यातून गेलं नाही.

दुपारी गिऱ्हाईक नसताना सूनबाई चटणीच्या बरणीला मोबाईल टेकवून बसायची. लिलावात दोघं जण आणखी होते. त्यांना नावं नव्हती, नुसते आकडे. एकाच्या आकड्याशेजारी सिंहाचं तोंड काढलेलं होतं. सूनबाईनं सवाल केला की जरा वेळानं सिंह चढवायचा, मग दुसरा, मग हिची पाळी. ती दात-ओठ खायची. "हा सिंह जातच न्हाय की हो आत्या!" मी भाकऱ्या थापत तिच्याकडं बघायची. काहीतरी ओळखीचं वाटत होतं, पण काय ते सापडत नव्हतं.

मग विकणाऱ्याचा निरोप आला. इंग्रजीत होता. सूनबाईनं मला मराठीत सांगितला. फार गोड बोलला होता. म्हणे, हे नाव तुमच्या घरचं आहे हे मला दिसतंय. लिलावात उगाच किंमत फुगतेय. आपण बाहेर सौदा करू, मी कमी घेतो. निम्मे आता द्या, नाव तुमच्याकडं आलं की उरलेले द्या. सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "जगात चांगली माणसं असतात आत्या." गटाच्या पैशातले निम्मे तिनं त्याच्या खात्यावर पाठवले.

दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप बदलला. उरलेले निम्मे आधीच हवेत. वर नाव फिरवायची काहीतरी फी. संध्याकाळपर्यंत आले नाहीत तर सिंहवाला तयारच आहे.

सूनबाई उरलेले पाठवायच्याच तयारीत होती. मी पाकिटं भरत होते. भरताना माझी नजर नेहमी त्या अक्षरांवर असते, सवयच आहे. मधली शिडी आणि मग एकदम शेवट. मनात आलं ते मी बोलून गेले, एरवी बोलले नसते.

"सूनबाई, त्या दोघांना ह्यो एच कशाला हवाय गं?"

"म्हंजे?"

"म्हंजे, पेंटरनं त्यांच्या पद्धतीनं घातला म्हणून आपल्याकडं आला. आन् शेवटचं अक्षर पत्रा संपला म्हणून ऱ्हायलं. मग त्या सिंहाला त्ये अक्षर नसलेलं नाव कशाला पायजेल? त्याच्यापण दारात मीटर हाय काय?"

सूनबाई मोठ्यानं हसली. हसता हसता थांबली. माझ्याकडं बघितलं, मग बाहेर जाऊन पाटीकडं बघितलं, आणि परत येऊन मोबाईल हातात घेतला.

मला नंतर तिनं समजावून सांगितलं ते असं. वेबसाईटच्या नावाला मागं, टिंबानंतर, एक शेपूट असतं, डॉट कॉमसारखं. लिलावाला होतं ते एका शेपटाचं. पण तेच नाव, एच घालून, शेवटचं अक्षर गाळून, दुसऱ्या शेपटांनी घ्यायला गेलं तर सगळीच्या सगळी मोकळी होती. कुणीही घ्यावीत. वर्षाचं भाडं चटणीच्या थोड्या पाकिटांएवढं. ती म्हणाली, "आत्या, ज्यांना हे नाव इतकं पाहिजे की ते आपल्यावर एवढे पैसे चढवतात, त्यांनी शेजारचं हे, जवळजवळ फुकटातलं, का घेतलं न्हाय?"

"त्यांना नाव नगंच असंल."

"मग काय पाहिजे?"

तेव्हा मला ते ओळखीचं काय होतं ते सापडलं. मी तिला मठातल्या त्या खांबाशी बसलेल्या माणसाची गोष्ट सांगितली. तिनं लिलावाचं पान उघडून वरपासून खालपर्यंत बघितलं. दोघांतला एकही जण आपणहून कधी बोलला नव्हता. ती बोलली की ते बोलायचे. ती दोन दिवस माहेरी गेली होती तेव्हा तेही गप्प होते.

"नारळाकडं बघत नव्हता म्हणालात?"

"न्हाय. तोंडाकडं."

"माझ्या तोंडाकडं बघत होते हे," ती म्हणाली.

मग तिला एकेक दिसायला लागलं. निरोप लिलाव घेणाऱ्यांकडून आलेला नव्हता, बाहेरच्या साध्या पत्त्यावरून आला होता. विकणाऱ्याचं नाव एक आणि ज्या खात्यात पैसे गेले त्याचं नाव भलतंच. लिलाव घेणाऱ्यांची रीत अशी की पैसे मधे त्यांच्याकडं ठेवायचे, आणि नाव घेणाऱ्याच्या हातात पडलं की मगच विकणाऱ्याला द्यायचे. त्यानं तिला नेमकं त्यातूनच बाहेर काढलं होतं. तिथंच ती रडायला लागली. "माझ्या बाबांनी आडत्या मधे असल्याशिवाय शेंगदाण्याचं एक पोतं घेतलं न्हाय आत्या. जो म्हणतो आडत्याला वगळून ये, त्याच्या गाडीकडं ते बघत पण न्हाईत. लहानपणापासनं बघितलंय मी. आणि मीच..."

मला रागवायला येत नाही. मी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाले, "उरलेले गेले न्हाईत ना? मग ऊठ."

आम्ही शटर ओढून बँकेत गेलो. तिथून सायबर पोलिसांकडं. पोलिसांच्या ऑफिसात मी जन्मात पहिल्यांदा पाऊल टाकलं. टेबलामागं एक तरुण पोलीसबाई बसल्या होत्या. सूनबाईचं रडणं आवरत नव्हतं, म्हणून त्यांनी मलाच विचारलं.

"आजी, सौदा कशाचा होता?"

"नावाचा."

"कुणाच्या नावाचा?"

"आमच्याच."

त्यांनी लिहायचं थांबवून माझ्याकडं बघितलं. "तुमचंच नाव तुम्ही विकत घेत होता?"

"व्हय."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, असे बरेच येतात, तुम्ही लवकर आलात हे बरं झालं. त्या खात्यात उरलेले थोडे पैसे बँकेनं अडवले. बाकीचे तोवर पुढं गेले होते. अडवलेले सुटून आमच्याकडं यायला खूप महिने लागले. बाकीचे आजवर आलेले नाहीत आणि येतील असं मला वाटत नाही.

न पाठवलेले निम्मे आम्ही त्या आठवड्यात गटाला परत केले. पण गेलेल्यांचं सांगायचं राहिलं होतं. मीटिंगला मी दाराशी न बसता आत जाऊन बसले. अध्यक्षीणबाईंनी न सांगता पंखा बंद केला. मी सगळं सांगितलं, एचपासून. संपल्यावर अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "म्हंजे सोताचंच नाव इकत आणायला गेला व्हय वो तुमी? आन् त्ये बी चुकलेलं?"

दोघीतिघी हसल्या. मग त्याच म्हणाल्या, जरा हळू, "बरं, झालं गेलं. पण काकू, एवढं पैसं कुटनं आणणार?"

"कुटूनच," मी म्हणाले.

क्षणभर कुणाला कळलं नाही. मलाही बोलून गेल्यावर कळलं. मग भिंतीला टेकलेली एक म्हातारी खो-खो हसायला लागली, "कुटून! अगं, उखळात कुटून म्हणती ती!" आणि सगळी खोली हसली. मीसुद्धा. चारचौघींत मी केलेला तो पहिला विनोद, आणि तोही न ठरवता.

मग कुटलं. सूनबाईनं तेच नाव दुसऱ्या शेपटानं, लिलाव-बिलाव न करता, साधं भाडं भरून घेतलं. पुढच्या काही वर्षांचं भाडं भरून टाकलं आणि कॅलेंडरवर दिवाळीच्या चौकोनात मोठं लिहून ठेवलं. जुन्या पाकिटांवरच्या पत्त्याच्या शेपटावर आम्ही दोघी बसून नवीन शेपटाचा शिक्का मारायचो. मुलगा ड्युटीवरून आला की तोही बसायचा, तिकीट फाडल्यासारखा भराभर मारायचा आणि निम्मे तिरके मारायचा. पुण्याची, बंगळूरची गिऱ्हाइकं एकेक करून परत आली. ती लसणाच्या वासवाली बाईही आली. तिनं मालकांना नमस्कार सांगितला होता. तिला कुणी कळवलं नव्हतं.

हल्ली चटणी मशीनवर कुटतात. आमच्याकडंही मशीन आहे. पण उखळातली चटणी मागणारे वेगळे असतात आणि दोन पैसे जास्त देतात. म्हणून त्या दिवसांत मी परत मुसळ हातात घेतलं. सूनबाई म्हणाली, मी घालते उखळात हात. मी पहिले काही दिवस घालू दिला नाही. एकदा तिनं ऐकलंच नाही, मुसळ वर गेलं आणि तिनं चटणी मधे ओढली. तोंडातून आपोआप मोठ्यानं निघालं, "ओंदु!" तिनं हात काढला. "एरडु!" परत घातला. थोड्या वेळानं ती गप्पा मारायला लागली, तोंड चालू, हात चालू, आणि मला मुसळ थांबवून पदरानं डोळे पुसावे लागले. ती म्हणाली, "तिखट उडालं का आत्या?" मी म्हणाले, "व्हय."

मधे एकदा तिनं मोबाईल दाखवला. आमचं जुन्या शेपटाचं नाव पुन्हा लिलावाला लागलं होतं. किंमत खाली, खूप खाली. आम्ही दोघी बघत बसलो. सिंह नव्हता, दुसराही नव्हता. कुणी सवालच केला नाही. सूनबाई म्हणाली, "घ्यायचं का?" मी पाटीकडं बघितलं. उन्हानं पिवळी कड उडालीय, पण शिडी अजून ठळक आहे. मी म्हणाले, "ऱ्हाऊ दे त्याच्यापाशी. चटणी कुटं हाय त्याच्याकडं?"

पेंटर आता नाही. त्याच्या मुलाचं फ्लेक्सचं दुकान आहे. तो एकदा चटणी न्यायला आला तेव्हा म्हणाला, "काकू, नवीन बोर्ड करून देतो, स्पेलिंग नीट करून." सूनबाईच पुढं होऊन म्हणाली, "नीटच हाय की."

शेवटचा हप्ता मी परवाच्या मीटिंगला नेला. अडवलेले पैसे सुटून आले होते, त्यांत कुटलेले घातले तेव्हा पुरे झाले. सूनबाईही बरोबर आली होती. मी उभी राहिले तशी अध्यक्षीणबाईंनी हात वर केला आणि कुणीतरी पंखा बंद केला. गरमी मरणाची होती. सगळ्या पदरानं वारा घेत माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मी पैसे त्यांच्या हातात दिले. त्यांनी मोजले, शेजारणीला मोजायला दिले, आणि चौकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चटणीकाकूंचं फिटलं! सगळं फिटलं! बोला काकू, काय बोलायचंय?"

"पंखा लावा की आता," मी म्हणाले.